यात्रेचे पैसे, गटाची वही



पाडवा झाला. गहू-हरभरा घरात आला, कांदा चाळीत पडला. आता पावसापर्यंत जरा उसंत. या दिवसांत गटाच्या बैठकीत हप्ते, व्याज, कर्जाचं बोलणं संपलं की कुणीतरी हमखास विचारतं, "मग औंदा कुठं जायचं?" कुणाला अष्टविनायक करायचे असतात, कुणाला काशी, कुणाला केदारनाथ. दहा-बारा जणी मिळून जायचं म्हटलं की घरचेही लवकर हो म्हणतात. माहेर, सासर, तालुक्याचा बाजार आणि दवाखाना, एवढ्यातच जिचं येणं-जाणं झालं, तिला गटामुळे पहिल्यांदा रेल्वे पाहायला मिळते. म्हणून मला यात्रेचा विषय मोठा वाटतो.

आणि म्हणूनच आज यात्रेच्या बुकिंगमध्ये होणाऱ्या फसवणुकीवर बोलणार आहे. कारण यात पैसा तर जातोच, पण घरातून पुढच्या वेळी ऐकावं लागतं, "पुरे झालं तुमचं फिरणं." ते नुकसान वहीत लिहिता येत नाही.

आमच्या भागातल्या एका गटाची हकीगत सांगते. "सांगा सगळ्यांना, फक्त गावाचं आणि आमचं नाव घेऊ नका," असं त्यांनीच मला सांगितलं आहे. अकरा जणींनी केदारनाथला जायचं ठरवलं. गौरीकुंडापासून वर देवळापर्यंत सोळा किलोमीटरची चढण. त्यातल्या दोघींचे गुडघे गेलेले. तेव्हा हेलिकॉप्टर बघू म्हणाल्या. एकीच्या भाच्याने मोबाईलवर जाहिरात पाठवली. देवळाचा फोटो, सरकारी शिक्का, खाली फोन नंबर. फोन लावला तर पलीकडचा माणूस हिंदीत अगदी गोड बोलला. प्रत्येक वाक्यात "माताजी". म्हणाला, "तुमच्या तारखेला नेमक्या अकराच जागा उरल्यात. संध्याकाळपर्यंत माणशी तीन हजार पाठवा, नाहीतर जागा जातील."

अध्यक्षबाई दुपारभर घरोघरी फिरल्या. कुणी शेळी विकलेल्या पैशातून दिले, कुणी डब्यातले काढले, एकीने नणंदेकडून हातउसने आणले. तेहतीस हजार जमले. संध्याकाळी अध्यक्षबाईंच्या मुलाच्या फोनवरून ते गेले. रात्री तिकिटं आली, अकराही नावं बरोबर, वर शिक्का. सगळ्यांना आनंद. दोन दिवसांनी सकाळी त्याच माणसाचा फोन, "विम्याचे माणशी हजार भरा, यात्रा झाली की परत मिळतील." अकरा हजार गेले. तासाभरात पुन्हा फोन. आता जीएसटीचे आठ हजार.

या वेळी गटाच्या सचिव तिथे होत्या. त्यांनी फोन हातात घेतला आणि आपल्या नेहमीच्या सवयीने विचारलं, "आधीच्या दोन रकमांची पावती कधी पाठवता? मला वहीला लावायची आहे." तो चिडला. तिकीट रद्द करीन म्हणाला, वेडंवाकडं बोलला, फोन ठेवला. सचिवबाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी लगेच १९३० नंबरला फोन केला. सकाळी गेलेले अकरा हजार पुढच्या खात्यात अडवता आले. दोन दिवसांपूर्वीचे तेहतीस हजार मात्र तोवर खात्यातून निघून गेले होते.

मैत्रिणींनो, त्या बाईंनी कुठलं मोबाईलचं प्रशिक्षण घेतलं नव्हतं. त्यांनी फक्त पावती मागितली. मला आज हेच सांगायचं आहे. फसवणाऱ्याला आपल्याकडून तीन गोष्टी लागतात. आपण घाई करावी, कुणाला विचारू नये आणि पैसा बिनपावतीचा द्यावा. आपला गट चालतो तो अगदी याच्या उलट. पाच रुपयांचा दंडसुद्धा आपण बैठकीत बोलून लावतो आणि वहीत लिहितो. बँकेतून पैसे काढायचे तर ठराव लागतो, सह्या लागतात. पंचसूत्रीत शेवटी नोंदी अद्ययावत ठेवा असं आपण दर महिन्याला म्हणतो. कर्जाला जी शिस्त लावतो, तीच यात्रेच्या पैशाला लावली तर निम्मं काम झालं. पण यात्रेचे पैसे निघाले की आपल्याला वाटतं, हा काही गटाचा व्यवहार नाही, देवाचं काम आहे, आणि वही बंदच राहते.

आता हे लोक कोणकोणत्या रूपाने येतात ते बघू. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरूंना सावध केलं होतं. त्यांनी सांगितलेले प्रकार असे: केदारनाथ आणि चारधामच्या हेलिकॉप्टरची खोटी बुकिंग, यात्रेच्या गावातल्या खोल्यांची खोटी बुकिंग, गाडी-टॅक्सीची खोटी बुकिंग आणि स्वस्त यात्रा सहली. खोटं संकेतस्थळ, खोटं फेसबुक पान, पैसे देऊन लावलेली जाहिरात. पैसे घेतले की फोन बंद.

हेलिकॉप्टरचं आधी सांगते. २०२३ पासून केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं ऑनलाइन तिकीट आयआरसीटीसीच्या हेलियात्रा या संकेतस्थळावर काढायचं असतं. पत्ता आहे हेलियात्रा डॉट आयआरसीटीसी डॉट सीओ डॉट इन. आणि ते तिकीट काढण्याआधी उत्तराखंड सरकारकडे यात्रेची नोंदणी करावी लागते. तेव्हा यात्रेचा नोंदणी क्रमांक न विचारताच कुणी हेलिकॉप्टरचं तिकीट देत असेल, तर तिथेच ओळखा. अकरा जणींच्या हकिगतीत त्या गोड माणसाने नोंदणीचा शब्दसुद्धा काढला नव्हता.

पत्ता वाचायची एक युक्ती आहे. गावात नवा पाहुणा आला तर आपण विचारतो, कुणाच्या घरचा? म्हणजे नावापेक्षा आडनाव बघतो. संकेतस्थळाचंही तसंच. सुरुवातीला काय लिहिलंय त्याला भुलू नका, शेवट वाचा. सरकारी संकेतस्थळ असेल तर पत्ता बहुतेक जीओव्ही डॉट इन असा संपतो. आयआरसीटीसीचा असेल तर आयआरसीटीसी डॉट सीओ डॉट इन असा संपतो. देवळाचं नाव, पुढे बुकिंग, पुढे ऑनलाइन असं काहीबाही जोडून शेवटी वेगळंच निघालं, तर ते घर दुसऱ्याचं आहे.

दुसरं, खोल्यांचं. शिर्डीला साईबाबा संस्थानची स्वतःची भक्तनिवासं आहेत, पंढरपूरला मंदिर समितीचं भक्तनिवास आहे. आपण मोबाईलवर भक्तनिवास असं शोधतो आणि जे सगळ्यात वर दिसतं त्यावर बोट ठेवतो. पण सगळ्यात वर पुष्कळदा जाहिरात असते. बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलेलं असतं. वर दिसतंय म्हणजे खरं, असं नाही. पैसे भरून कुणीही वर येतं. तिथला फोन नंबरही तसाच. म्हणून नंबर शोधून काढण्यापेक्षा संस्थानच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. शिर्डीचा पत्ता साई डॉट ओआरजी डॉट इन असा आहे. नाहीतर आपल्या गावातून नुकतंच कोण जाऊन आलंय ते विचारा. त्यांच्याकडे जुनी पावती असते, तिच्यावर नंबर छापलेला असतो. जुनी पावती हा आपला मोठा आधार आहे.

तिसरं, रेल्वेचं. तिकीट हातात आलं म्हणजे झालं असं समजू नका. मोबाईलवर तिकिटाचं चित्र कुणालाही बनवता येतं. खऱ्या तिकिटावर दहा आकडी पीएनआर नंबर असतो. तो घेऊन रेल्वेच्या १३९ नंबरला फोन करा. तिकीट आहे का, पक्कं आहे का, वेटिंगवर आहे का, सगळं कळतं. ही तपासणी पैसे देणाऱ्या बाईनेच करावी, तिकीट आणून देणाऱ्याने नव्हे. आणि ज्यांना मोबाईलवर भरवसा नाही त्यांनी सरळ स्टेशनवरच्या आरक्षण खिडकीवर जावं. एका फॉर्मवर सहा जणींची नावं बसतात. साठ दिवस आधी आरक्षण उघडतं. दोघी जणी सकाळी जाऊन दोन फॉर्म भरून आल्या तर बारा जणींचं काम होतं. एका दिवसाचा रोज बुडेल, पण तिकीट छापील मिळेल.

रेल्वेच्या नावाने आणखी एक फसवणूक चालते. तिकीट रद्द केलं की कुणाचा तरी फोन येतो, "परतावा अडकलाय, लिंक दाबा, नंबर सांगा." ऑनलाइन काढलेल्या तिकिटाचे पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात आपोआप परत येतात. त्यासाठी कुणाला ओटीपी सांगायचा नसतो.

चौथं, सवलतीच्या नावाने येणारी लिंक. आपल्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे. हे एसटीत बसून कंडक्टरकडे मिळतं. त्यासाठी कुणी नोंदणी फी मागितली तर ती फसवणूक. रेल्वेने ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. तरी मोबाईलवर "साठ वर्षांवरील महिलांना रेल्वे अर्ध्या पैशात, खाली दाबा" असे निरोप फिरत असतात. आलेला निरोप दहा जणींना पुढे पाठवण्याआधी स्टेशनवर विचारा. तसंच राज्य सरकारच्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेचं. साठ वर्षांवरील ज्येष्ठांसाठी ती योजना आहे. "तुमचं नाव घालून देतो, पाचशे रुपये द्या," असं सांगत कुणी दारात आलं तर पैसे देऊ नका. जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात चौकशी करा.

पाचवा प्रकार मोबाईलच्याही आधीपासूनचा आहे. पत्रक वाटत एक माणूस गावात येतो. काशी, अयोध्या, प्रयाग, जेवणखाण सगळं धरून इतक्या कमी पैशात की ऐकूनच जावंसं वाटतं. आगाऊ घेऊन जातो आणि निघायच्या तारखेला गाडीच येत नाही. इथे आपला हिशेब कामाला येतो. आपण पापड-लोणच्याचा भाव काढताना कच्चा माल, इंधन, मजुरी धरतो ना? तसाच यात्रेचा भाव काढा. डिझेल किती, ड्रायव्हर किती, मुक्काम किती, दोन वेळचं जेवण किती. बेरजेपेक्षा माणूस कमी सांगत असेल, तर तो वरचं कुठून घालणार? कुणी घरचं घालून दुसऱ्याला यात्रा घडवत नाही.

गाडी ठरवताना आणखी दोन गोष्टी बघा. भाड्याने चालणाऱ्या गाडीची पाटी पिवळी असते, अक्षरं काळी. पांढऱ्या पाटीची गाडी घरगुती वापराची असते. तिच्यातून भाड्याने जाऊ नका. वाटेत पोलिसांनी अडवलं तर पंचाईत आणि काही झालं तर विम्याची अडचण. आणि ट्रॅव्हल्सवाल्याचं दुकान कुठे आहे ते दोघींनी जाऊन बघा. शेजारच्या दुकानदाराला विचारा, हा किती वर्षांपासून इथे आहे. त्या चौकशीला दहा मिनिटं लागतात. पंढरीला जायचं असेल तर हा खटाटोपही नको. आषाढीला गावातून चाळीस माणसं जमली तर एसटी थेट गावातून पंढरपूरला गाडी देते. डेपोत जाऊन विचारा. बायकांची अर्ध्या तिकिटाची सवलत त्यातही मिळते.

आता पैसे द्यायचे कसे, याबद्दल. माझी सगळ्या गटांना विनंती आहे, यात्रेच्या पैशासाठी चार नियम ठरवा.

पहिला, यात्रेचा ठराव बैठकीत करायचा. कुठे जायचं, कुणामार्फत, माणशी किती, आगाऊ किती. हे लिहिल्याशिवाय पैसे गोळा करायचे नाहीत. "संध्याकाळपर्यंत पाठवा" असं कुणी म्हटलं तर त्याला सांगायचं, आमची बैठक अमुक तारखेला आहे, त्यानंतर कळवतो. खरा धंदा करणारा थांबतो. बारा माणसांचं गिऱ्हाईक कोण सोडेल? जो थांबायला तयार नाही, त्याची जागा आपल्याला नको.

दुसरा, चौकशी दोघींनी करायची, आणि दोघींनी वेगवेगळी. एकीने फोनवर विचारावं, दुसरीने जाऊन आलेल्या माणसांना विचारावं. मग दोघींचं जुळतंय का बघावं.

तिसरा, पैसे दुकानाच्या नावाच्या खात्यात द्यायचे आणि पावती घ्यायची. फोनवरून पैसे पाठवताना शेवटचं बटण दाबायच्या आधी स्क्रीनवर घेणाऱ्याचं नाव दिसतं. ते मोठ्याने वाचा. जाहिरातीत एक नाव आणि इथे भलत्याच माणसाचं नाव, तर थांबा. लहान गाडीवाल्याचं खातं स्वतःच्या नावाने असू शकतं, ते ठीक, पण मग तो माणूस ओळखीचा हवा. आणि सगळे पैसे आधी कधीच द्यायचे नाहीत. थोडे आगाऊ, बाकीचे गाडी दारात आल्यावर.

चौथा, पिनचा. हे सगळ्यांनी पाठच करा. पिन फक्त पैसे देताना टाकतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. "तुमचे पैसे परत करतो, पिन टाका," असं जो म्हणतो तो आणखी काढून घेतोय. "यात्रेची माहिती या फाईलमध्ये आहे, उघडा," म्हणून कुणी अॅप पाठवलं तर तेही उघडायचं नाही. त्यातून आपला फोन दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतो. आपल्यापैकी पुष्कळ जणींचा फोन मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात असतो. बोट त्यांचं असलं तरी पैसे आपले आहेत. म्हणून पाठवताना शेजारी बसा आणि काय दाबतोयस ते विचारा. त्यात कमीपणा नाही.

एवढं करूनही फसवणूक झाली तर? तर वेळ घालवायचा नाही. १९३० हा नंबर लावायचा. हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा नंबर आहे. आपली तक्रार गेली की ज्या खात्यात पैसे गेले ते अडवायचा प्रयत्न होतो. पण ते लोकही बसून राहत नाहीत, पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरवतात. म्हणून पहिल्या तासाला किंमत आहे. फोन करताना जवळ ठेवा: किती रुपये गेले, किती वाजता, कुठल्या बँकेतून, आणि व्यवहाराचा बारा आकडी नंबर. तो यूपीआय अॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. मग आपल्या बँकेला कळवायचं. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन इथे तक्रार नोंदवता येते, जवळच्या पोलीस ठाण्यातही देता येते. आलेले निरोप, तिकिटं, फोन नंबर काही पुसून टाकू नका. राग येतो, पुसावंसं वाटतं, पण तोच पुरावा आहे. आणि नंतर कुणी फोन करून म्हणालं, "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा," तर तो त्याच टोळीतला समजा.

आता शेवटचं, आणि मला वाटतं हे सगळ्यात अवघड. त्या अकरा जणींच्या गटात पुढे काय झालं? तिघी जणी बैठकीला येईनाशा झाल्या. अध्यक्षबाईंना घरातून बोलणी बसली. गावात कुणी म्हणे, त्यांनीच खाल्ले असतील. ज्या बाईने उन्हातून घरोघर फिरून सगळ्यांसाठी धडपड केली, तिच्याच अंगावर आलं. तेहतीस हजार चोराने नेले, पण गट आपण आपल्या हाताने मोडत होतो. मग एक खास बैठक घेतली. कुणी किती दिले, कधी पाठवले, हे सगळं वहीत लिहून मोठ्याने वाचलं. वाचल्यावर सगळ्यांना दिसलं की अध्यक्षबाईंचेही तीन हजार त्यातच गेले आहेत. अकरा हजार अडवले गेले होते, ते परत येतील तेव्हा सारखे वाटायचे असा ठराव झाला. तिघींपैकी दोघी परत आल्या. एक अजून आलेली नाही.

म्हणून सांगते, गटात कुणी फसलं तर पहिला प्रश्न "तू असं कसं केलंस?" हा विचारू नका. पहिला प्रश्न विचारा, "१९३० ला फोन केलास का?" बोल लागेल या भीतीने बाई दोन दिवस गप्प बसते, आणि तेच दोन दिवस चोराला हवे असतात.

पुढच्या बैठकीत एवढं करा. गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात दोन नंबर लिहा: १९३० आणि १३९. त्याखाली यात्रेचे चार नियम लिहा आणि सगळ्या जणींची सही किंवा अंगठा घ्या. मग खुशाल जागा ठरवा. ज्या गटाने कर्जाचा हप्ता कधी चुकवला नाही, त्याला यात्रा सांभाळणं जड नाही. जाऊन या, आणि आल्यावर पावत्या टाकून देऊ नका. पुढच्या गटाला त्या लागतील.

राम राम.